बोट ओढायला गाडी निवडताना: आधी धर्मकाटा, मग घाट, मग रॅम्प, शोरूम सगळ्यात शेवटी

बोट घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला, "आपली गाडी ओढेल ना रे?" आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा गाडी आधीच बुक केलेली असते, मग त्याला काय सांगणार. सपाट रस्त्यावर ओढायला जवळपास कुठलीही गाडी ओढते, इंदुरात विजयनगरपासून बायपासपर्यंत स्विफ्टसुद्धा नेईल. भानगड होते ती खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट उतरताना थांबायची वेळ येते तेव्हा, नाहीतर संध्याकाळी शेवाळलेल्या उतारावरून बोट वर काढताना. म्हणून हिशोब या दोन जागांपासून सुरू करायचा आणि मागे येत येत गाडीपर्यंत पोचायचं.

इथे धरून चाललोय की बोट १४ ते १८ फुटी आहे, ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा आहे आणि तुम्ही इंदूरहून चोरल, महेश्वर किंवा हनुवंतियाच्या बाजूला जाणार. आणि हो, सिरपूर तलाव आणि यशवंतसागर जवळ आहेत म्हणून तिथे मोटरबोट टाकू असं मनात असेल तर ते काढून टाका, दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत (जपायच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आहेत. बाकी कुठल्याही पाण्यात बोट उतरवायची तर परवानगी आधी विचारा, ट्रेलर जोडून दारात उभे राहिल्यावर नाही.

टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पाचवा टप्पा पहिला केला की सगळं बिघडतं.

१. खरं वजन काढा

बोटीच्या माहितीपत्रकात जे वजन छापलेलं असतं ते रिकाम्या सांगाड्याचं. मोटर, पेट्रोल, बॅटरी, नांगर, दोर, जॅकेटं, बर्फाचा डबा आणि खुद्द ट्रेलर यातलं काहीच त्यात नसतं. १६ फुटी फायबर बोटीचा नमुना हिशोब बघा: सांगाडा ४२० किलो, ४० एचपीची टू-स्ट्रोक मोटर साधारण ७५, पेट्रोल ४० लिटर म्हणजे ३० किलो (पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आसपास), बॅटरी २५, बाकी सामान ६०, ट्रेलर २८०. झाले ८९० किलो. डोक्यात ४२० होते, रस्त्यावर दुपटीच्या वर निघाले. पुढे सगळीकडे हेच ८९० घेऊन चालू.

कागदावर बेरीज झाली तरी धर्मकाट्यावर न्याच. देवास नाक्याच्या बाजूला ट्रकवाल्यांचे काटे भरपूर आहेत. कोणाची तरी पिकअप भाड्याने घ्या, ट्रेलर काट्यावर चढवा, गाडीपासून सोडवा, गाडी खाली घ्या आणि फक्त ट्रेलरचं वजन करा, पुढचं चाक किंवा स्टँडसुद्धा काट्यावरच हवं. बोट त्या दिवशी पूर्ण भरलेली पाहिजे, टाकी फुल, सगळं सामान आत. रिकामी बोट तोलून आणणारे लोक आहेत, त्यांनी काट्याचे पैसे उगाच घालवले.

चेक: बोटीच्या बुडाचा प्लग काढून आत साठलेलं पाणी आधी सोडलं का? फळीखाली ५० लिटर पाणी असेल तर ते सरळ ५० किलो आहे, आणि ते ब्रेक मारला की पुढे पळतं, चढावर मागे पळतं.

२. बॉलवर किती वजन पडतंय ते मोजा

हा टप्पा सगळे गाळतात आणि ट्रेलर डोलायला लागला की गाडीला शिव्या घालतात. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं, थोडं पुढच्या दांडीतून गाडीच्या हिच-बॉलवर (हिच म्हणजे गाडीच्या मागची ट्रेलर जोडायची लोखंडी जोडणी, बॉल म्हणजे तिच्यावरचा गोळा) येतं. ते एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असावं, बोटीच्या ट्रेलरला मी ७ धरतो. ८९० चे ७ टक्के म्हणजे ६२ किलो. ५ टक्क्यांच्या खाली गेलं की मागचं टोक जड होतं आणि ८० च्या पुढे ट्रेलर डावीउजवीकडे झुलायला लागतो. फार जास्त झालं तर गाडीची शेपूट बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं आणि रात्री तुमचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

धर्मकाटा इथे उपयोगाचा नाही, तो ५-१० किलोच्या पटीत दाखवतो. घरातला माणसांचा वजनकाटा घ्या. ट्रेलर सपाट जागी उभा करा, दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. आता काट्यावर एक मजबूत लाकडी ठोकळा उभा ठेवा, इतका उंच की त्यावर दांडीचं तोंड टेकवलं की ते गाडीच्या बॉलच्या उंचीला येईल. दांडी टेकवा, आकडा वाचा, ठोकळ्याचं वजन वजा करा. उंची महत्त्वाची आहे, दांडी जमिनीलगत ठेवून मोजली तर आकडा वेगळाच येतो.

कमी-जास्त निघालं तर बोट ट्रेलरवर पुढे-मागे सरकवा (पुढचा विंचचा खांब सरकतो) किंवा बॅटरी आणि पेट्रोलची टाकी हलवा. गाडी बदलून हे सुटत नाही.

आता ६२ किलो बॉलवर म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर ६२ किलो, असं समजू नका. बॉल अ‍ॅक्सलच्या मागे लांब असतो, ते तरफेसारखं काम करतं. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) २७५० मिमी आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलपासून १२०० मिमी मागे असेल तर मागच्या अ‍ॅक्सलवर साधारण ८९ किलो वाढतात आणि पुढचा अ‍ॅक्सल २७ किलोने हलका होतो. म्हणजे दोन गाड्यांत वजन-ताकद सारखी असेल तर ज्या गाडीची शेपूट चाकांच्या मागे कमी लोंबते आणि व्हीलबेस जास्त आहे ती घ्या. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही, टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा, सेल्समन बघत बसेल, बसू दे.

३. घाटाचा हिशोब: ओढणं सोपं, थांबवणं अवघड

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि मोरटक्क्याच्या पुलाशी नर्मदा २०० मीटरच्याही खाली. म्हणजे सिमरोल सोडल्यावर बडवाहपर्यंत तुम्ही साडेतीनशे मीटरच्या वर खाली उतरता, बोगद्यांचा नवा रस्ता घ्या की जुना घाट, उंचीतला फरक तोच. महेश्वरला मानपूरवरून जा नाहीतर जाम गेटवरून, माळव्यातून निमाडात उतरायचं म्हणजे उतरायचंच. आणि इंदूरकरांची गंमत अशी की सकाळी ताजी गाडी, ताजा ड्रायव्हर असताना उतार येतो आणि दुपारी एसी फुल, इंजिन तापलेलं, सगळे झोपलेले, तेव्हा चढ.

उतारावर नियम एकच, घाट सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाका आणि इंजिनवर गाडी धरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर अर्ध्या घाटात ब्रेकचा वास येतो आणि नंतर पेडल दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून निवडताना बघायचं की गाडीला इंजिन-ब्रेकिंग किती आहे आणि गिअर हाताने धरून ठेवता येतो का. डिझेल मॅन्युअल चालेल, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक मॅन्युअल मोडसकट चालेल. सीव्हीटी, एएमटी आणि ड्राय क्लचची डीसीटी हे ऑटोमॅटिकचे बाकी प्रकार या कामाला घेऊ नका, शहरात छान असतील, इथे नकोत.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत का? ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरला मर्यादा आहे ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी ते. आपल्या घाटाला हाच आकडा कानाला खडा लावून पाळा. आपली ८९० ची बोट त्यात बसत नाही, तेव्हा ब्रेकवालाच ट्रेलर घ्या. छोट्या ट्रेलरवर बहुधा ढकल-ब्रेक असतात, गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या धक्क्याने त्याचे ब्रेक लागतात. त्यात रिव्हर्सची सोय आहे का ते विचारा, नसेल तर रॅम्पवर मागे घेताना ट्रेलर स्वतःच ब्रेक मारून बसतो आणि तुम्ही क्लच जाळत बसता.

गाडीच्या वजनाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या नवशिक्यांना सांगतात की ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. तो सल्ला आपल्या कामाला मला फारच उदार वाटतो. घाट, खड्डे, अचानक समोर गाय, यात मी ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका म्हणेन. म्हणजे ८९० ला १८०० किलोची गाडी हवी.

सावधान: रिकामं वजन माहितीपत्रकावरून घेऊ नका, आरसीवर लिहिलेलं अनलेडन वजन घ्या.

४. रॅम्पचा हिशोब, इथेच बरेच जण फसतात

पाण्यात उतरायचा उतार समजा १४ टक्के आहे, म्हणजे १०० फुटाला १४ फूट. ओल्या, शेवाळलेल्या सिमेंटवर टायरची पकड कोरड्या रस्त्याच्या निम्म्याहून कमी, ठोकळमानाने ०.३ धरू.

पुढच्या चाकांवर चालणारी १७०० किलोची एसयूव्ही: बोटीसकट वर चढायला लागणारा जोर (१७०० + ८९०) × ०.१४, म्हणजे ३६० किलोच्या आसपास. चढावर वजन मागे जातं, बॉलवरचं वजन पुढची चाकं अजून उचलतं, पुढे उरतात साधारण ९०० किलो, त्याच्या ०.३ म्हणजे २७०. लागतात ३६०, मिळतात २७०. चाक जागेवर फिरणार, इंजिन कितीही एचपीचं असो.

मागच्या चाकांवर चालणारी २१५० किलोची: लागतात ४२०, मागच्या अ‍ॅक्सलवर १२०० च्या आत-बाहेर म्हणून मिळतात ३६०. थोडक्यात फसते, सिमेंट खरखरीत असेल तर निघूनही जाते.

तीच गाडी फोर बाय फोर: चारही चाकं धरून ६४०. आरामात निघते.

हे आकडे ठोकळ आहेत, पण क्रम हाच राहतो. आणि हे सिमेंटचं झालं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं की रॅम्पचं टोक उघडं पडतं आणि पुढे नुसता गाळ आणि काळी माती, आपल्याकडची काळी माती ओली झाल्यावर काय करते ते वेगळं सांगायला नको, टायरच्या खाचा भरून गुळगुळीत चाक करून टाकते. हनुवंतियाला इंदिरासागरची पूर्ण पातळी २६२ मीटर आहे, मे महिन्यात पाणी तिथे असेल या भरवशावर जाऊ नका, आधी फोन करून विचारा की पाणी कुठे आहे.

फोर बाय फोर असेल तर लो-रेंजसुद्धा (अगदी हळू पण जोरात ओढणारे जादा खालचे गिअर) आहे का ते बघा. लो-रेंजमध्ये क्लच पूर्ण सोडून मुंगीच्या पावलाने मागे-पुढे जाता येतं. ती नसली की मॅन्युअल गाडीत अर्धा क्लच धरावा लागतो आणि दोन-तीन रविवारात क्लच प्लेट गेली.

चेक: गाडी पाण्यात किती उतरावी लागेल? ट्रेलरची दांडी आखूड असेल तर गाडीची मागची चाकं आणि सायलेन्सर पाण्यात जातात. अशा वेळी मोठी गाडी शोधण्यापेक्षा लांब दांडी करून घेणं स्वस्त.

५. आता गाडीचे कागद वाचा

शोरूमला जायची वेळ आता आली. जाताना वरचे आकडे चिठ्ठीवर लिहून न्या.

पहिलं, मालकाच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि पुस्तिका भारतातल्या मॉडेलचीच हवी. ऑस्ट्रेलियात हायलक्सला ३५०० किलो लिहिलंय म्हणून आपल्याकडच्या हायलक्सला तेच लागू, असं होत नाही, कूलिंग, गिअर, हिच यात फरक असू शकतो. पुस्तिकेत "ओढू नका" लिहिलं असेल तर ती गाडी यादीतून बाद. काहीच लिहिलं नसेल तर कंपनीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या, सेल्समनचं "हो सर, सगळे ओढतात" हे उत्तर नव्हे.

दुसरं, पेलोड. एकूण परवानगीचं वजन वजा रिकामं वजन. समजा ५५० किलो आले. पाच माणसं ३५०, सामान ६०, हिचचं लोखंड ३५, बॉलवरचे ६२, बेरीज ५०७. बसलं. पण गाडी सात सीटर आहे म्हणून काका-काकूंनाही घेतलं की १४० वाढले आणि ६४७ झाले, गेलं. बॉलवरचं वजन पेलोडमध्ये धरायचं असतं हे किती जणांना माहीत नसतं!

तिसरं, मागच्या टायरचा लोड इंडेक्स. टायरच्या कडेवर साइझनंतर जो आकडा असतो तो. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. मागच्या अ‍ॅक्सलचं भरलेलं वजन दोन टायरच्या बेरजेच्या बरंच आत हवं.

६. गाड्यांची छाननी

चॅसीवाली की मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेली, बॉडी हाच सांगाडा), ही पहिली चाळणी. चॅसीला हिच बोल्ट करता येतं आणि खेच सरळ फ्रेमला जाते. मोनोकॉक गाडीला पत्र्याच्या तळाला हिच लावतात, ३००-४०० किलोच्या हलक्या अ‍ॅल्युमिनियम बोटीला आणि सपाट रस्त्याला चालून जाईल, कंपनीने मान्य केलं असेल तरच. आपल्या ८९० ला नको.

त्या हिशोबाने हॅरियर, सफारी, हायक्रॉस या पुढच्या चाकांवरच्या गाड्या रॅम्पच्या टप्प्यातच बाद होतात, गाड्या म्हणून वाईट नाहीत. इनोव्हा क्रिस्टा चॅसीवाली आहे, वजन आहे, पण मागच्या चाकांवर चालते, खरखरीत पक्का रॅम्प असेल तरच. बोलेरो चिवट आहे पण २१० एनएम टॉर्कवर ८९० किलो घेऊन बडवाहहून वर चढायचं म्हणजे मागे ट्रकांची रांग लावायची तयारी ठेवा, ४००-५०० किलोच्या बोटीला ती ठीक.

तीन दारांची थार लोकांना फार मोहात पाडते. फोर बाय फोर आहे, लो-रेंज आहे, रॅम्पवर राणी. पण व्हीलबेस २४५० मिमी, आणि आखूड गाडीला मागून ट्रेलर सहज हलवतो. हलक्या बोटीला घ्या, ८९० घेऊन बायपासवर शंभरने जाऊ नका.

उरल्या स्कॉर्पिओ-एन डिझेल फोर बाय फोर (व्हीलबेस २७५०), फॉर्च्युनर फोर बाय फोर (२७४५), हायलक्स (३०८५), इसुझूची व्ही-क्रॉस फोर बाय फोर (३०९५) आणि गुरखा. पिकअपचा एक फायदा, ओल्या दोरांचा आणि मासळीचा वास मागेच राहतो. तोटा म्हणजे रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी असतात आणि राजेंद्रनगरच्या गल्लीत १८ फुटी बोट जोडलेली साडेसतरा फुटी हायलक्स वळवून दाखवा. बजेटच्या दृष्टीने घर आणि बोट दोन्ही सांभाळायचं तर माझं मत स्कॉर्पिओ-एनला, बशर्ते पाचव्या टप्प्यातले कागद जुळले पाहिजेत.

जुनी गाडी घेत असाल तर खालून बघा. मागच्या चॅसीला आधीच वेल्डिंग केलंय का, हिचची जुनी भोकं आहेत का, क्लच किती उंचावर पकडतो. आधीच्या मालकाने काय ओढलं ते गाडी स्वतः सांगते.

७. हिच, वायर आणि कागदपत्रं

बंपरला किंवा गाडी ओढून नेण्याच्या हुकाला ट्रेलर जोडायचा नाही, तो हुक फसलेली गाडी काढण्यापुरता असतो. हिच चॅसीला बोल्टने, वेल्डिंगने नाही.

बॉलचा साइझ व्हर्नियरने मोजा. ५० मिमी आणि २ इंच हे सारखे वाटतात पण २ इंच म्हणजे ५०.८ मिमी. एकाचा बॉल आणि दुसऱ्याचं तोंड जोडलं की एक तर नीट बसत नाही नाहीतर सैल राहतं, आणि सैल राहिलेलं खड्ड्यात निघतं. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींवर आडव्या टाका, म्हणजे तोंड निघालंच तरी दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांवर झेलली जाते.

ट्रेलरचे दिवे गाडीच्या वायरला सरळ टोचून जोडू नका, नव्या गाड्यांत त्याने इलेक्ट्रॉनिक्स बिघडतं, मधे ट्रेलर मॉड्यूल टाकायला सांगा.

कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, तो बाजूला दिसला पाहिजे, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर हवा. मागून तुमची एमपी ०९ ची पाटी बोटीने झाकली जाते, म्हणून. हिच लावायच्या आधी आरटीओला विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

८. पैसे द्यायच्या आधीची ट्रायल

त्याच मॉडेलची कोणाची तरी हिच लावलेली गाडी मिळवा, नातेवाइकांत, ऑफिसात, कुठेतरी मिळतेच. भरलेली बोट जोडा आणि हे करा:

जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर चारही चाकांच्या कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. मागची थोडी बसणारच, पण पुढची स्पष्ट वर आली तर दुसऱ्या टप्प्याकडे परत जा.

रविवारी पहाटे बायपासवर ४०, ६०, ८० ने चालवा. ट्रेलर झुलायला लागला तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडा.

सिमरोलच्या पुढे चढाला तोंड करून थांबा, हँडब्रेक लावा, पाय सगळे सोडा. अर्धा मिनिट गाडी जागची हलता कामा नये. मग हिल-स्टार्ट. क्लचचा वास आला तर ड्रायव्हर बदलून पुन्हा करा, तरीही आला तर गाडी छोटी आहे.

चढ संपल्यावर तापमानाचा काटा बघा, आणि ही ट्रायल मे महिन्यात दुपारी करता आली तर उत्तम, जानेवारीत सगळ्याच गाड्या पास होतात.

शेवटी रिकाम्या मैदानात रिव्हर्स. सोबतच्याला मागे उभं करा, बाजूच्या आरशांत ट्रेलरची दोन्ही चाकं दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर वाढीव आरसे लावता येतात का हे बुकिंगच्या आधीच विचारा.

गाडी घेतल्यावर पहिल्या फेरीहून आलात की दुसऱ्या दिवशी हिचचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, नवं हिच पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये बसतं आणि बोल्ट सैल पडतात.